चौघांत एक लिहितो, तिघे उतरवतात : जालना जिल्ह्यातील पदवीचे वर्ग, इंग्रजी आणि गटकार्य

बी.ए. प्रथम वर्षाचा अनिवार्य इंग्रजीचा तास. ‘चार-चारांचे गट करा आणि धड्याखालच्या पाच प्रश्नांची उत्तरे काढा,’ असे सर सांगतात. दोन मिनिटे बाकांची खडखड होते. एका गावचे एकत्र बसतात, मुली एका बाजूला, मुले दुसऱ्या बाजूला. प्रत्येक गटात इंग्रजी बरे असलेला एखादा निघतोच आणि वही आपोआप त्याच्यापुढे सरकते. तो लिहितो, बाकीचे उतरवून घेतात. पंधरा मिनिटांनी तोच उठून वाचून दाखवतो आणि गटकार्य झाल्याची नोंद होते. मराठवाड्यात शिकलेल्या किंवा शिकवलेल्या कुणालाही हे चित्र अनोळखी नाही.

या चित्राकडे बघून दोन टोकाची मते मांडली जातात. गटकार्य म्हणजे वेळेचा अपव्यय, त्यापेक्षा सरांनी नीट शिकवलेले बरे, असे काहींना वाटते. दुसऱ्या बाजूला प्रत्येक नवा अभ्यासक्रम आणि प्रत्येक प्रशिक्षण शिबिर गटकार्याचा आग्रह धरते, पण ते कसे करायचे हे सांगत नाही. परकी भाषा शिकताना गटात काय घडते, यावर गेल्या चाळीस वर्षांत जगभर भरपूर संशोधन झाले आहे. ते जालन्यासारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयांना कितपत लागू पडते, याचा हा आढावा. निष्कर्ष आधीच सांगतो : नुसते गट पाडल्याने इंग्रजी येत नाही, एकाला दुसऱ्याची गरज पडेल असे काम गटाला दिले तरच ते येते.

जिल्हा आणि त्याचे इंग्रजी

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. आठ तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १९.६ लाख लोकसंख्या आणि त्यातील जवळपास चार-पंचमांश लोक खेड्यांत राहणारे. जालना शहरापासून मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी, बदनापूर, भोकरदन, जाफराबादपर्यंतची पारंपरिक महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. हे विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झाले. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. जालन्यात इंग्रजांची छावणी होती, मिशनचे कामही होते. तरी सामान्य घरांतल्या मुलांपर्यंत इंग्रजी पोहोचली ती स्वातंत्र्यानंतर, तीही पाठ्यपुस्तकातला एक विषय म्हणून.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. म्हणजे आज पदवीला येणारा मुलगा बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. पण ही भाषा त्याच्या कानांवर पडते कुठे? घरी मराठी, शहराच्या अनेक मोहल्ल्यांत उर्दू, तांड्यावर गोरमाटी, औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये हिंदी. मोंढ्यात, बँकेत, तहसील कार्यालयात इंग्रजीवाचून कुणाचे अडत नाही. अभ्यासक्रमात ती अनिवार्य असली तरी मंठ्याच्या किंवा जाफराबादच्या विद्यार्थ्यासाठी ती परकी भाषाच आहे. तिच्याशी त्याची गाठ पडते ती वर्गात.

म्हणून वर्गातल्या वेळेचा हिशेब महत्त्वाचा. साठ विद्यार्थी, पाऊण तासाची तासिका. सर एक अक्षरही न बोलता सर्वांना समान वेळ देतील असे धरले, तरी एकेकाच्या वाट्याला पाऊण मिनिट येते. तेच चौघांच्या गटात वीस मिनिटे काम चालले तर प्रत्येकाला पाच मिनिटे मिळू शकतात. गटकार्याच्या बाजूचा हा सर्वांत साधा मुद्दा आहे आणि मोठ्या वर्गात त्याला पर्याय नाही. भाषा बोलून येते आणि बोलायला वेळ लागतो.

संशोधन काय सांगते

१९८५ साली मायकेल लाँग आणि पॅट्रिशिया पोर्टर यांनी या विषयावर बहुधा सर्वाधिक उद्धृत झालेला लेख लिहिला. गटात सरावाची संधी वाढते, बोलण्याचा दर्जा सुधारतो, प्रत्येकाच्या कुवतीनुसार काम देता येते, भीती कमी होते आणि गोडी वाढते, असे पाच फायदे त्यांनी मांडले. तोवरच्या अभ्यासांच्या आधारे त्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आणली : शिकणारे एकमेकांशी बोलताना, इंग्रजी चांगले येणाऱ्याशी बोलतानापेक्षा अधिक चुका करतात असे दिसत नाही. ‘पोरे एकमेकांचे चुकीचे इंग्रजी उचलतील’ या भीतीला दिलेले हे उत्तर होते.

पण या मताला भारतातूनच एक भक्कम विरोध उभा राहिला. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत बंगळूर प्रकल्प चालवला. व्याकरण न शिकवता मुलांना विचार करायला लावणारी कामे द्यायची आणि त्या कामांतून इंग्रजी शिकू द्यायचे, हा त्याचा गाभा. आज जगभर ‘कार्याधारित’ अध्यापन म्हणून जे ओळखले जाते, त्याच्या पायाभरणीत या प्रकल्पाचे नाव घेतले जाते. मात्र प्रभूंनी गटकार्याला जवळ केले नाही. १९८७ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी म्हटले की वर्गात चांगल्या इंग्रजीचा स्रोत शिक्षकच असतो. मुले एकमेकांचेच ऐकत राहिली तर त्यांचे अर्धवट इंग्रजी पक्के होऊन बसेल. जिथे वर्गाबाहेर इंग्रजी ऐकूच येत नाही, तिथे हा आक्षेप हलक्यात घेता येणार नाही. जालन्याची परिस्थिती लाँग आणि पोर्टर यांच्या अमेरिकेपेक्षा प्रभूंच्या शाळांना जवळची आहे.

या दोन भूमिकांमधली वाट टेरेसा पिका आणि कॅथरीन डॉटी यांच्या अभ्यासांत सापडते. १९८५ साली त्यांनी गट आणि शिक्षककेंद्री वर्ग यांची तुलना केली, तेव्हा अर्थ समजून घेण्यासाठी एकमेकांना अडवणे, पुन्हा विचारणे, वेगळ्या शब्दांत सांगणे यांत गट पुढे असल्याचे दिसले नाही. त्या कामात बोलावे की न बोलावे, हे ज्याच्या-त्याच्या मर्जीवर होते. पुढच्या वर्षी त्यांनी काम बदलले. प्रत्येकाकडे वेगळी माहिती दिली. ती दिल्या-घेतल्याशिवाय काम पुरे होणारच नव्हते. तेव्हा मात्र गटांतली देवघेव स्पष्टपणे वाढली. म्हणजे फरक कामाच्या रचनेने पडला.

पॉलिन फॉस्टर यांनी १९९८ साली इंग्लंडमधल्या एका महाविद्यालयाच्या साध्यासुध्या वर्गात नोंदी घेतल्या, तेव्हा समजले नाही तरी बरेच विद्यार्थी तसेच पुढे जातात, अडवून विचारत नाहीत, असे दिसले. नेओमी स्टॉर्क यांनी ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठीय वर्गात जोड्यांचे निरीक्षण करून २००२ साली चार प्रकार नोंदवले : दोघे मिळून काम करणारे, दोघेही आपलेच खरे करणारे, एक हुकूम सोडणारा आणि दुसरा गप्प, एक जाणता आणि दुसरा शिकणारा, पण जाणता दुसऱ्याला सोबत घेणारा. शिकणे अधिक घडले ते पहिल्या आणि चौथ्या प्रकारांत. आपल्या वर्गात वही एकापुढे सरकते तो तिसरा प्रकार. त्याचा चौथा प्रकार कसा करायचा, हाच खरा प्रश्न आहे.

गट मुलांना नवा नाही

महाविद्यालयात अनेकदा ऐकू येते, ‘आपल्या पोरांना गटात बसायची सवयच नाही.’ आज हे पूर्णपणे खरे नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत ज्ञानरचनावादाचे वारे आले आणि २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर फरशीवर गोल करून बसलेली, शब्दपट्ट्या जुळवणारी मुले गावोगाव दिसू लागली. त्यांतली कितीतरी आज पदवीच्या वर्गांत आहेत.

मधल्या वर्षांत मात्र ही सवय सुटते. आठवीपासून क्लास, गाइड आणि ‘अपेक्षित’ यांचे राज्य सुरू होते. बारावीच्या ‘युवकभारती’त गटचर्चा हा घटक आहे, पण तो लेखनकौशल्यात मोडतो. चार काल्पनिक विद्यार्थी काय बोलतील ते परीक्षेत कागदावर लिहायचे असते. विद्यार्थी नमुना पाठ करतो, गुण मिळवतो आणि एकदाही गटात तोंड न उघडता गटचर्चेत उत्तीर्ण होतो. पदवीला आल्यावर त्याचे लक्ष पोलीस भरतीकडे किंवा स्पर्धा परीक्षेकडे असते. बहुतेक स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजीत पर्याय निवडायचे असतात. त्याने ‘याचा परीक्षेत उपयोग काय?’ असे विचारले तर तो आळस नव्हे. व्यवस्थेने शिकवलेला हिशेब आहे.

एक तास जवळून

आता असे एक काम पाहू, ज्यात एकट्याने लिहून भागत नाही. विषय मोसंबीचा, कारण जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि २०१२-१३ च्या दुष्काळात वाळलेल्या बागा इथल्या घराघरांना आठवतात.

चौघांच्या गटाला चार वेगळे कागद द्यायचे, प्रत्येकावर सोप्या इंग्रजीत आठ-दहा ओळी. पहिल्यावर बदनापूरजवळच्या एका शेतकऱ्याची बाग : झाडे किती, विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत. दुसऱ्यावर टँकरचा आणि ठिबकचा खर्च. तिसऱ्यावर व्यापाऱ्याचा देकार : उभी बाग आत्ताच दिली तर किती, तोडून बाजारात नेली तर काय भाव. चौथ्यावर कृषी अधिकाऱ्याचा सल्ला : पाणी तोडून बागेला ताण कधी द्यायचा, आंबिया बहार धरला तर उन्हाळाभर पाणी लागेल, मृग बहार धरला तर पावसाची साथ मिळेल. प्रश्न एकच : या शेतकऱ्याने यंदा कोणता बहार धरावा आणि बाग कशी विकावी?

पहिली दहा मिनिटे एकाच क्रमांकाचा कागद असलेले तिघे-चौघे एकत्र बसून अर्थ लावतात. इथे मराठी, उर्दू, हवी ती भाषा चालेल. मग प्रत्येक जण आपल्या मूळ गटात परततो. कागद दाखवायचा नाही, सांगायचा. आणि आता इंग्रजीत. ‘द वेल हॅज वॉटर टिल मार्च’ असे एकाने सांगितल्याशिवाय दुसऱ्याच्या टँकरच्या दराला अर्थ नाही. ‘इफ’ने सुरू होणारी वाक्ये इथे व्याकरणाच्या धड्यासाठी येत नाहीत, गरजेपोटी येतात. शेवटच्या दहा मिनिटांत सर गटप्रमुखाला उठवत नाहीत, चिठ्ठीने नाव काढतात, आणि त्याला स्वतःच्या नव्हे तर शेजाऱ्याच्या कागदावरचे विचारतात. घरी जाण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या हाताने पाच ओळी लिहून द्यायच्या.

या रचनेत आणखी एक गोष्ट घडते. इंग्रजीत हुशार असलेल्याला ताण देणे म्हणजे काय हे कदाचित ठाऊक नसते. मागच्या बाकावरच्या बागाईतदाराच्या पोराला ते पाठ असते. गटातले वजन एका माणसाकडून चौघांत वाटले जाते. त्याच न्यायाने विषय फेरपालट करून घ्यावेत, म्हणजे ज्यांच्या घरी जमीनच नाही त्यांचे ज्ञानही वर्गात येईल : ऊसतोडीची उचल आणि तिचा हिशेब, रोलिंग मिलमधल्या पाळ्या, एसटीचे वेळापत्रक.

चुका आणि मराठी

‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री’, ‘ही डोन्ट नो’ अशी वाक्ये गटात ऐकू येणारच. दर वाक्याला अडवले तर बोलणे बंद पडते. काहीच न सुधारले तर प्रभूंची भीती खरी ठरते. व्यवहार्य तोडगा असा, की सरांनी गटांतून फिरताना चार-पाच सार्वत्रिक चुका टिपून ठेवाव्यात आणि शेवटी, कुणाचे नाव न घेता, फळ्यावर लिहून सर्वांकडून दुरुस्त करून घ्याव्यात. कामाआधी सरांनी स्वतः दोन-तीन मिनिटे तसेच काम बोलून दाखवले, तर चांगल्या इंग्रजीचा नमुनाही कानांवर पडतो. शिक्षकाचे बोलणे आणि गटाचे बोलणे यांत निवड करण्याची गरज नाही. दोन्हींचा क्रम लावण्याची आहे.

मराठीबद्दलही तेच. ‘गटात मराठी बोलाल तर दंड’ हा नियम दुबळ्या विद्यार्थ्याला गप्प करतो. मेरिल स्वेन आणि शॅरन लॅपकिन यांनी २००० साली फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या कॅनडातल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पहिल्या भाषेचा वापर बव्हंशी काम समजून घेण्यासाठी, शब्द शोधण्यासाठी आणि एकमेकांना सांभाळून घेण्यासाठी झालेला दिसला. म्हणून तयारी मराठीत, सादरीकरण इंग्रजीत ही विभागणी योग्य. जालना शहरातल्या वर्गात तर उर्दू आणि मराठी माध्यमातली मुले एका गटात आली की लिहिताना इंग्रजीची खरी गरज भासते, कारण दोघांची लिपी वेगळी असते.

कुणाशेजारी कोण

गट मुलांवर सोडले की ते गाव, जात, माध्यम आणि मैत्री यांनुसार पडतात. त्यात कुणाचा दोष नाही, पण परिणाम होतो. जे बाहेर वेगळे, ते वर्गातही वेगळेच राहतात. २०२३ साली अंबड तालुक्यातल्या आंतरवाली सराटीतून आरक्षणाचे आंदोलन राज्यभर गेले. त्यानंतर समाजासमाजांत जो ताण आला, त्यापासून महाविद्यालयाचा वर्ग अलिप्त राहत नाही.

इथे एक इतिहास लक्षात घेण्यासारखा आहे. वर दिलेल्या चार कागदांच्या पद्धतीचे मूळ इंग्रजीच्या वर्गात नाही. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना प्रथमच एका वर्गात बसवले गेले आणि शाळांत भांडणे सुरू झाली. तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत तयार केली. प्रत्येकाकडे असा तुकडा द्यायचा, ज्यावाचून दुसऱ्याचे काम अडेल. म्हणून गट सरांनीच पाडावेत, हजेरीपटाच्या क्रमांकाने पाडावेत आणि दर चार-सहा आठवड्यांनी बदलावेत. क्रमांकाने गट पडला की निवडीचा आरोप कुणावर येत नाही.

मुलींबाबत अधिक काळजी हवी. मुलांसमोर इंग्रजीत चुकण्याची लाज अनेक मुलींना गप्प बसवते. सुरुवातीला मुलींच्या जोड्या, मग दोन जोड्या मिळून चौघांचा मिश्र गट, असे टप्पे ठेवले तर ही भीड हळूहळू मोडते. गटात एकटी मुलगी पडणार नाही, एवढे तरी पाहिलेच पाहिजे.

गुण कुणाचे

फ्रान्सचे कृषी अभियंते मॅक्स रिंगेलमान यांनी १९१३ साली दोर ओढण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. ओढणारे जसजसे वाढले, तसतसा एकेकाचा जोर कमी पडत गेला. वर्गातही दहा जणांचा ‘प्रकल्प’ दिला की तेच होते. सहकारी अध्ययनावरच्या अभ्यासांचा आढावा घेणारे अमेरिकी संशोधक रॉबर्ट स्लाव्हिन यांनी म्हणूनच दोन अटी ठळक केल्या : गटाला समान ध्येय हवे आणि प्रत्येकाची स्वतंत्र जबाबदारी मोजली गेली पाहिजे.

आपल्याकडे दोन्ही सहज करता येते. गटाचा गुण म्हणजे चौघांनी स्वतंत्रपणे लिहिलेल्या पाच-पाच ओळींची सरासरी, असे ठरवले की हुशार विद्यार्थ्याला शेजाऱ्याला शिकवण्यात रस वाटू लागतो. याउलट गटाने मिळून एक फाइल द्यायची आणि सर्वांना सारखे गुण, ही पद्धत कष्ट करणाऱ्यावर अन्याय करते आणि न करणाऱ्याला फुकट सोडते.

अडचणी खऱ्या आहेत

हे सगळे सांगताना प्राध्यापकांच्या अडचणी नजरेआड करता येणार नाहीत. कित्येक ठिकाणी इंग्रजीचा भार तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक वाहतात. त्यांना तासाचे पैसे मिळतात, चार कागद तयार करण्याच्या वेळेचे नाही. हजेरी पातळ असते, कारण कुणी अकॅडमीत, कुणी शेतात, कुणी कामावर असतो. बाक लांब आणि जड असतात. बंगालमध्ये दीर्घकाळ काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९६० साली प्रतिकूल परिस्थितीतल्या इंग्रजी अध्यापनावर पुस्तक लिहिले, तेव्हाही त्यांच्यासमोर असेच भरगच्च बाकांचे वर्ग होते. अशा वर्गात शिकवण्यापेक्षा शिकण्यावर भर द्यावा, हे त्यांचे म्हणणे आजही लागू आहे.

उपाय छोटे आहेत. बाक हलवायचे नाहीत; पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळायचे, चौघांचा गट तयार. हजेरीचा भरवसा नसेल तर काम त्याच तासात सुरू होऊन त्याच तासात संपणारे हवे. कागद एकदा तयार झाले की दरवर्षी वापरता येतात, महाविद्यालयांनी आपसात वाटून घेता येतात. प्राथमिक शिक्षकांसाठी महाराष्ट्र शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांनी २०१६ साली सुरू केलेल्या ‘तेजस’ प्रकल्पात शिक्षकांचेच गट नियमित भेटून अनुभवांची देवघेव करत. जिल्ह्यातल्या महाविद्यालयीन प्राध्यापकांनाही तशा गटाची गरज आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवी श्रेयांक रचना आली आहे. इंग्रजीचा दोन श्रेयांकांचा विषय म्हणजे सत्रात ३० तास. त्यातले आठ तास नीट रचलेल्या गटकार्याला दिले तरी पुरेसे आहे. रोज गट पाडणे नको, आणि सत्राच्या शेवटी गुणांपुरता एकच गट तर नकोच.

विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने अंतर्गत मूल्यमापनात प्रत्यक्ष बोलण्याला वैयक्तिक गुण ठेवावेत. प्राचार्यांनी कागद छापण्याचा खर्च आणि तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना तयारीचा मोबदला द्यावा. प्राध्यापकांनी एका सत्रात चार कामे तयार करून शेजारच्या महाविद्यालयाला द्यावीत. आणि विद्यार्थ्यांनो, पुढच्या वेळी गट पडेल तेव्हा वही दुसऱ्यापुढे सरकवू नका. इंग्रजी जो बोलतो त्यालाच येते. शेजाऱ्याने तुमच्या वाट्याचे बोलून ते तुम्हाला येणार नाही.